मोरपंखी कागद

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

आज अंबडला आलो. सकाळची भोकरदन–जालना गाडी आणि जालन्याहून दुसरी. दोन्ही गाड्यांत खिडकीची जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, ऊन छान होतं. बऱ्याच दिवसांनी चहा चांगला लागला म्हणून स्टँडवर लागोपाठ दोन घेतले.

स्टुडिओ कोर्टाच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. मालक राधेश्यामकाका साठीच्या पुढचे, बुटके, सतत हसणारे. त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाले की फोनवर आवाज ऐकून वाटलं होतं म्हातारा माणूस असेल. मी नऊ वर्षं संभाजीनगरला अल्बमच्या लॅबमध्ये बसून काम केलं, त्यामुळे लोकांशी बोलायची सवय नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "बोलायचं काम माझं. तू नुसता दिवे सांभाळ."

खोली कांताबाईंच्या घरी, गच्चीवर. तिथून देवीची टेकडी दिसते. कांताबाईंनी पहिल्याच दिवशी भाकरी आणि ठेचा पाठवला. पुष्कळ दिवसांनी बरं वाटतं आहे. ही वही दिव्यांच्या नोंदींसाठी आणली आहे. इतर काही लिहायचं झालं तर तेही हिच्यातच लिहीन.

एक गोष्ट काकांना सांगितलेली नाही. माझ्या बॅगेत माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमेधाचा, शेवटचा फोटो आहे. मागे याच स्टुडिओचा शिक्का आहे. तिला इथून सात किलोमीटरवर दिलं होतं. गेल्या वर्षी २२ मे रोजी ती सासरीच वारली. न्हाणीत घसरली, असं त्यांनी सांगितलं. मी तिला उचलायला डोक्याखाली हात घातला तेव्हा माझी बोटं आत गेली होती. केस उभी राहिली नाही. पुरावा नव्हता.

म्हणून मी इथे नोकरी धरली. तिला शेवटचं नीट कोणी पाहिलं, ते मला पाहायचं होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काकांकडे चार फ्लॅश आहेत आणि एका लोखंडी पेटीत दिव्यांवर लावायचं रंगीत जिलेटिन. ते नुसतं 'कागद' म्हणतात. लाल, नारिंगी, निळा, जांभळा, पिवळा, मोरपंखी. प्री-वेडिंगवाले आणि वाढदिवसाच्या बॅनरवाले याच कागदांसाठी तालुक्यातून इथे येतात.

आज जे शिकलो ते लिहून ठेवतो. पहिली फ्रेम साधी. कोणताही रंग लावण्याआधी पांढऱ्या उजेडात एक फोटो काढायचाच. चेहरा खरा कसा आहे, उजेड किती लागतो, ते त्यावरून कळतं. ही फ्रेम गिऱ्हाइकाला देत नाहीत, पण काका ती कधी पुसतही नाहीत, डिस्कवर पडून असते. मग एक दिवा, एक कागद. तो बसला की समोरून दुसरा. दोन रंग नाकाच्या रेषेवर भेटले पाहिजेत. एकमेकांत शिरले तर दोन्ही मरतात आणि चेहरा मळका दिसतो, म्हणून फ्लॅशला पत्र्याची झापं लावून उजेड अडवायचा. गडद कागद उजेड खातो, निळ्याला लालपेक्षा दुप्पट ताकद द्यावी लागते. माणूस भिंतीपासून सहा फूट पुढे बसवला तरच भिंतीला तिसरा रंग देता येतो. केसांवर मागून एक छोटा साधा दिवा ठेवायचा, नाहीतर डोकं भिंतीत बुडतं.

तिसऱ्या रंगाचा मोह टाळावा, असं काकांचं मत. म्हणाले, नवरदेव सरबताच्या गाडीवानी दिसला तर त्याची माय मला हाणंल.

संध्याकाळी पेटी आवरताना त्यांनी मोरपंखी कागद वेगळ्या पाकिटात घातला. चेहरा जरा बदलला. "हा माणसावर मारायचा न्हाई. भिंतीवर मार, पडद्यावर मार. तोंडावर न्हाई." का, ते विचारलं. म्हणाले, माणूस मेल्यावानी दिसतो. ते पटण्यासारखं आहे. मोरपंखी लाल रंग अडवतो, त्यामुळे कातडीवर जिथे जिथे लाली असते तिथे काळं पडतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज पाच गिऱ्हाइकं. एका जोडप्याला निळाच पाहिजे होता, भिंतही निळी, दोघंही निळे. काका म्हणाले, निळ्या झेंड्याची, तुझीच माणसं दिसतात, तूच समजाव. मी समजावलं की भिंत निळी ठेवू आणि चेहऱ्यावर नारिंगी, म्हणजे निळा जास्त उठून दिसेल. त्यांना ते आवडलं.

दुसरी एक मुलगी होती, डावा गाल मुरमांनी भरलेला. काकांनी तिला बघितलं आणि त्या बाजूला लाल कागद लावला. फोटोत गाल लोण्यासारखा आला. लाल उजेडात लाल डाग दिसत नाही, सगळंच लाल होतं. मुलगी फोटो बघून रडायला लागली, आनंदाने.

खोलीवर आल्यावर सुमेधाचा फोटो काढून बसलो. तिच्या डाव्या गालावर, जबड्यावर, गळ्यापर्यंत लाल उजेड आहे. खूपच लाल. उजवीकडून मोरपंखी. दीड वर्ष मी तो फोटो बघतो आहे आणि ती किती सुंदर दिसते हेच बघत होतो.

डावा गाल लोण्यासारखा आहे. सुमेधाला मुरमं नव्हती.

कांताबाई जिन्यातून म्हणाल्या, "भाऊ, दोन दिवस झाले तुमचा आवाज न्हाई आला. वर माणूस हाय का न्हाई, मी शेजारणीला काय सांगू?" मी खोकून दाखवलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काका लग्नाला गेले होते. भागवत नावाचे एक शेतकरी आले, पस्तिशीचे, अंगापिंडाने मोठे. सोमवारी त्यांचा वाढदिवस, बॅनर लावायचा होता. मोबाइलमध्ये एक फोटो आणला होता, एका बाजूने नारिंगी आणि दुसरीकडून मोरपंखी, असाच पाहिजे म्हणाले. मी दुसरे रंग सुचवले. ते म्हणाले, "साहेब, बांधावरून भाऊबंदाशी वाद चालूए माझा. बॅनर त्याच्या घरासमोर लागणारे. जरा डेंजर दिसलं पायजे."

काका नव्हते. मी मोरपंखी लावला.

साधी फ्रेम आणि नारिंगीची फ्रेम स्वच्छ होती. मोरपंखी लावल्यावर त्यांच्या उजव्या कानाच्या खालून कॉलरच्या हाडापर्यंत एक तिरकी काळी रेघ आली. बोटाएवढी जाड, कडा फाटलेल्या. केसाची सावली असेल म्हणून दिवा हलवला. रेघ हलली नाही. जवळ जाऊन मान बघितली. कातडी साफ होती. त्यांनी विचारलं, काय बघून राह्यले? मी कॉलर सारखी केल्यासारखं केलं.

संगणकावर ती रेघ घासून काढली आणि बॅनरची फाइल पाठवली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी पोलिसांकडून पंचनाम्याच्या फोटोसाठी बोलावणं आलं. काकांचे गुडघे दुखतात म्हणून मी गेलो.

बांधावर पडलेले होते. कुऱ्हाड उजव्या कानाखाली बसली होती आणि तिरकी खाली कॉलरच्या हाडात जाऊन अडकली होती. मारणाऱ्याने ती काढायला पाय देऊन ओढली असावी, छातीवर चपलेचा मातीचा ठसा होता. मान एका बाजूच्या कातडीवर राहिली होती. आतलं पांढरं दिसत होतं. तोंड उघडं, दातांत माती. भागवत.

मी चौदा फोटो काढले. ती रेघ मी आधी पाहिली होती, घासून काढली होती. तीच लांबी, त्याच फाटलेल्या कडा.

दुपारी त्यांचा मेहुणा स्टुडिओत आला. वाढदिवसाचाच फोटो दहाव्याच्या बॅनरला वापरायचा म्हणाला. छान आलाय, म्हणाला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

काकांना दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले, तेरा तारखेचा, रेघ न घासलेला, आणि कालचा. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. मग मी बॅगेतून सुमेधाचा फोटो काढून समोर ठेवला आणि ही माझी बहीण, एवढंच म्हणालो.

त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहितो. गेल्या वर्षी ११ मे रोजी ती नवऱ्याबरोबर आली होती. सूरज, जेसीबीवाला. लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो. तिच्या जबड्यावर आणि गालावर बोटांचे वळ होते, ताजे, सुजलेले. सूरजने काकांना बाजूला घेऊन सांगितलं की पडलीये, फोटोत दिसायला नको, पाहुण्यांकडे जातो फोटो. काकांनी लाल कागद लावला. रोज कोणाचं ना कोणाचं काहीतरी झाकायचं असतं, त्यातलंच एक. उजवीकडून मोरपंखी मारला तेव्हा तिच्या डोक्यामागे, केसांत, एक काळा डाग दिसला. वाटीएवढा. त्यांना वाटलं, केसांचा दिवा बंद पडला. अकरा दिवसांनी बातमी कळली, डोकं मागून फुटलं. तेव्हापासून तो कागद पाकिटात.

"मी झाकलं, संघपाल," असं म्हणाले. "माझ्या हातानं झाकलं."

मला राग यायला हवा होता. पण मीही पाहिलं होतं. त्याच एप्रिलमध्ये ती जयंतीला घरी आली तेव्हा मनगट सुजलेलं होतं. हापशाचा दांडा लागला म्हणाली. मला खोटं कळलं होतं आणि मी तिला ताट वाढून दिलं. विचारलं नाही. आमच्या घरात कोणी विचारत नाही.

मग काकांनी डिस्क लावली. पहिली फ्रेम साधी. ती पुसलेली नव्हती.

पांढऱ्या उजेडात सुमेधा. डाव्या डोळ्याखाली लाल सूज. ओठ आतून फुटलेला. जबड्यावर चार बोटं, जांभळी. तिसऱ्या बोटाच्या खुणेत मध्येच एक कोरी पट्टी; तिथे रुंद अंगठी लागली होती, वळाऐवजी कातडी सोलली होती. अंगठीच्या मापाएवढा चौकोन. तरी ती कॅमेऱ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती.

हा पुरावा आहे. दीड वर्ष इथे पडून होता.

संध्याकाळी काका स्वतःहून खुर्चीत बसले. मार म्हणाले मोरपंखी, बघू दे. मी नको म्हणालो. ते ऐकेनात. त्यांच्या डाव्या भुवईवर तीन टोकांचा काळा डाग आला, खोल. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "टिळा चांगला लावला रे. जरा वाकडा हाय." मग दोघेही हसलो. मग त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सूरज आला.

त्याचं दुसरं लग्न ठरलं आहे, १४ डिसेंबरला. प्री-वेडिंगचे फोटो. बरोबर मुलगी होती, प्रियदर्शनी, आष्टीची, चोवीस वर्षांची, बालवाडीत शिकवते. मला बघून तो थांबला आणि मग मोठ्याने हसला. "अरे, मेव्हणे! तुम्ही इथं? बघा, नातं सुटत न्हाई." तिला म्हणाला, हे माझ्या पहिलीचे भाऊ, फार गरीब माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्या बोटात तीच रुंद अंगठी.

मी दिव्याची वायर सोडवत राहिलो. तो काकांना म्हणाला, "सगळं घरच असं मुकं हाय यांचं. ती बी तशीच होती. दहा शब्द बोलल्यावर एक उत्तर." प्रियदर्शनी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

साध्या फ्रेममध्ये ती स्वच्छ होती. मग मी मोरपंखी लावला. काकांनी मला पाहिलं, अडवलं नाही.

तिच्या गळ्यावर चार बोटं आली आणि दुसऱ्या बाजूला अंगठा. काळी. तिसऱ्या बोटात कोरी पट्टी.

सूरजचा एकट्याचा फोटो त्याच उजेडात काढला. त्याच्यावर काही नाही, तिळाएवढाही डाग नाही. जाताना तिने विचारलं की फोटो कधी मिळतील. मी तारीख सांगितली. एवढंच बोललो. ती जिन्यावर होती, तो खाली गाडी काढत होता, अर्धा मिनिट होता माझ्याकडे. अर्ध्या मिनिटात माणूस किती बोलू शकतो. मी बोललो नाही.

वीस दिवस आहेत.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

बोलता येत नाही म्हणून एक केलं. सुमेधाच्या साध्या फ्रेमची प्रिंट काढली. मागे लिहिलं : ही माझी बहीण. हे पडून झालेलं नाही. अंगठी बघा. लग्न करू नका. खाली माझा नंबर. प्रियदर्शनीच्या फोटोंच्या पाकिटात, सगळ्यांत खाली ती घातली. पाकिटावर तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं.

उद्या जालन्याला जायचं आहे, नवीन कागद आणायला. येताना डिस्कची कॉपी वकिलाकडे देईन. काकांना पाकिटाचं सांगितलं नाही. त्यांना आणखी कशात ओढायला नको.

आज झोप लागेल असं वाटतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

लिहितो, कारण पोलिसांना सांगताना क्रम चुकला.

जालन्याहून तीनला आलो. जिन्यात झेरॉक्सवाला उभा होता, वर काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणाला. दार उघडं होतं. फ्लॅशमधले सतत जळणारे छोटे दिवे चालू, एकावर लाल कागद, एकावर निळा. काका मधोमध, सहा फुटांच्या खुणेवर.

फ्लॅशच्या स्टँडने मारलं. तीन पायांचं लोखंडी स्टँड. पाय भुवईवर बसला आणि आत गेला. मग खूप वेळा. पहिल्या घावाच्या जागी तीन टोकांचा खड्डा होता, बाकी चेहरा राहिला नव्हता. एक डोळा गालावर. दात कॅमेऱ्याच्या पिशवीत उडालेले होते, ते मी उचलून ठेवले, का ते माहीत नाही. रक्त लाल दिव्यात दिसत नव्हतं. जमीन कोरडी वाटत होती. निळ्या दिव्याच्या बाजूला गेलो तेव्हा दिसलं की मी त्यातच उभा आहे.

छातीवर सुमेधाची प्रिंट, चुरगळलेली.

झेरॉक्सवाल्याने सांगितलं. काल संध्याकाळी मी खोलीवर गेल्यावर सूरजची आई केशरबाई येऊन पाकीट घेऊन गेली. काकांनी स्वतः दिलं. लग्नाआधीच्या फोटोंचं पाकीट नवरदेवाच्या घरीच जातं. तिकडे पसंत पडले की मग मुलीकडे. सगळ्या स्टुडिओंची हीच पद्धत. मला माहीत होती. नऊ वर्षं लॅबमधून मीच पाठवत होतो.

नाव तिचं लिहिलं म्हणजे तिला मिळेल असं मला वाटलं.

काकांना एक शब्द सांगितला असता तर—

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सूरज सापडला नाही. पोलीस शोधत आहेत. जेसीबी शेतात उभी, फोन बंद.

डिस्क माझ्याकडे. त्याने ड्रॉवर सगळे उचकले होते. ती माझ्या बॅगेत होती, जालन्याला. वकील बाहेरगावी होते म्हणून तशीच परत आणली.

कांताबाईंनी आज जेवण आणलं, खाली बसल्या आणि भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवत राहिल्या.

प्रियदर्शनीला फोन केला. सगळं सांगितलं. सलग दहा मिनिटं बोललो. आयुष्यात एवढं बोललो नसेन. ती मध्ये एकदाच म्हणाली, "दादा, तुम्ही त्या दिवशी बोलणार होतात ना?" हो म्हणालो.

लग्न मोडलं आहे. पण काल तिच्या आष्टीच्या घरामागे कोणी उभं होतं. कुत्रं सकाळी मरून पडलेलं, मान पिळलेली—

रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी ११

प्रियदर्शनी वडिलांबरोबर जबाब द्यायला अंबडला आली होती. मीच इथे बोलावलं. पोलिसांनी दुकान काल मोकळं करून दिलं. जमीन धुतली आहे. फटींत राहिलं आहे.

दोन मिनिटं खुर्चीत बसा म्हणालो. वडील दारात उभे. मोरपंखी.

चार बोटं. तशीच. आधीपेक्षा काळी.

म्हणजे लग्न मोडून काही झालेलं नाही. तो मोकळा आहे तोवर—

फोन काढला. सूरजचा नंबर बंद, म्हणून केशरबाईंच्या नंबरवर लिहिलं. "सूरजला सांगा. डिस्क माझ्याकडे आहे. दुसरी कॉपी नाही. मुलीला काही माहीत नाही. स्टुडिओत एकटा आहे."

लिहून पुन्हा फ्रेम काढली. बोटं होती.

पाठवलं. फ्रेम काढली.

गळा स्वच्छ.

पुन्हा काढली. दिवा हलवून. जवळून. स्वच्छ. नुसता गळा, आणि त्यावर तिची शीर उडताना.

ती म्हणाली, "झालं का, दादा?" झालं म्हणालो. वडिलांना सांगितलं, सरळ आष्टीला नका जाऊ, तुमच्या बहिणीकडे परभणीला न्या, आजच. त्यांनी माझे हात धरले. जेवून जा म्हणालो. मग आठवलं की इथे काही नाही.

११.४०

टायमर लावून स्वतः बसलो.

गळ्यावर चार बोटं. तिसऱ्यात कोरी पट्टी.

आणि माझे दोन्ही हात. मनगटापर्यंत काळे. खालपर्यंत ओघळ. माझ्या हातांवर जखम नाही. ते दुसऱ्याचं आहे.

बराच वेळ बघत बसलो. भीती वाटते. पण हात बघून बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

१२.०५

पोलिसांना फोन केला. निघालो म्हणाले. त्याला ते दिसले तर तो वळेल. मग पुन्हा तिचा गळा—

रविवार. झेरॉक्स बंद. कोर्ट बंद. रस्त्यावर नुसतं ऊन.

१२.२०

खाली मोटारसायकल थांबली. बंद केली. वर येत नाही. उभा आहे.

कॅमेरा स्टँडवर. दर पाच सेकंदांनी एक फोटो, आपोआप. निघाला की दुकानाच्या ऑनलाइन ड्राइव्हवर जातो. लिंक प्रियदर्शनीला पाठवली. डिस्कवरचंही सगळं चढवलं.

सगळे कागद काढून पेटीत घातले. लाल फाडला. एकही कागद नाही. चारही दिवे पांढरे, पूर्ण ताकद. झापं उघडी. काही झाकायचं नाही.

सहा फुटांच्या खुणेवर उभा आहे. काकांचं दुसरं लोखंडी स्टँड एका हातात. जड आहे.

जिना—

पहिली पायरी. दुसरी. सावकाश येतो आहे. गुणगुणतो आहे.

मेव्हणे, म्हणाला दारातून. बोलत का न्हाई—

बोललो. नाव घेतलं तिचं. मोठ्याने. सुमे

पहिली फ्रेम सा